कोलोरॅडोचं एसबी ३ (सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांचं विधेयक): पास होणार की याही वर्षी गळपटणार?

उगाच_विचारतेय (२९ जानेवारी २०२५)

काल एसबी २५-००३ (ठराविक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते अशा, बंदुकांची विक्री बंद करणारं बिल) सिनेटच्या स्टेट अफेअर्स कमिटीतून ३-२ नं बाहेर पडलं. सिनेटमध्ये डेमोक्रॅट २३, रिपब्लिकन १२. हाउसमध्ये ४३ आणि २२. गव्हर्नरही डेमोक्रॅट. म्हणजे कागदावर निकाल लागलेला आहे. तरी इथले जाणकार "बघू, बघू" का करतायत? २०२३ आणि २०२४ मध्येही असंच काहीसं बिल आलं होतं, त्यांचं काय झालं? कोणी नीट मांडेल का?

---

आकडेमोड (२९ जानेवारी)

ताई, २०२३ आणि २०२४ मध्ये हाउसमध्ये डेमोक्रॅट ४६ होते, म्हणजे आजच्यापेक्षा तीन जास्त. सिनेटमध्ये तेव्हाही २३. तरी दोन्ही वेळा बिल पडलं. त्यामुळे पक्षाची बेरीज करून उत्तर मिळत नाही. बिल कुठे पडलं ते बघावं लागतं.

२०२३ चं एचबी २३-१२३० हाउसच्या ज्युडिशिअरी कमिटीतच मेलं. स्वपक्षाच्याच मतांनी. शेवटी प्रायोजकांनी (बिल मांडणाऱ्या सदस्यांनी) सगळं काढून फक्त बंप स्टॉकसारख्या, गोळ्या झाडायचा वेग वाढवणाऱ्या वस्तूंपुरतं ठेवायची तयारी दाखवली, तरी जमलं नाही.

२०२४ चं एचबी २४-१२९२ त्याहून पुढे गेलं. एप्रिलमध्ये हाउसनं ३५-२७ नं मंजूर केलं. सिनेटमध्ये मतं नाहीत हे दिसल्यावर तिथल्या प्रायोजक जुली गोन्झालेस यांनीच कमिटीला बिल बाजूला ठेवायला सांगितलं. इथे त्याला "पोस्टपोन इन्डेफिनिटली" म्हणतात, रोजच्या भाषेत "पीआय". त्या अधिवेशनापुरतं ते बिल संपलं.

म्हणजे खिंड सिनेटची आहे, हाउसची नाही. आता यंदाचा फरक. २०२४ च्या बंदीला उघड विरोध करणाऱ्या डेमोक्रॅटांमध्ये सिनेटर टॉम सलिव्हन होते. २०१२ च्या ऑरोरा थिएटर गोळीबारात त्यांचा मुलगा ॲलेक्स गेला. तेच यंदा एसबी ३ चे पहिले प्रायोजक आहेत, बरोबर गोन्झालेस. हाउसमध्ये अँड्र्यू बोसेनेकर आणि मेग फ्रोलिक. बिल ८ जानेवारीला, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी मांडलं आणि सिनेटमधल्या १८ जणांची नावं त्यावर आहेत.

हा १८ आकडा मुद्दाम जमवलाय. कोलोरॅडोत तिसऱ्या वाचनाला (अंतिम मतदानाला) हजर सदस्यांचं नव्हे, निवडून आलेल्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं: सिनेट ३५ पैकी १८, हाउस ६५ पैकी ३३. गैरहजर राहिलात तर ते "नाही"सारखंच.

माझा अंदाज: सिनेटमधून निघेल. पण आज जो मजकूर आहे तो निघणार नाही.

---

कलमबहाद्दर (३० जानेवारी)

मजकूर न वाचता भांडणं सुरू झालीत म्हणून थोडक्यात.

सलिव्हन यांचं म्हणणं असं: १५ पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री आणि हस्तांतरण १ जुलै २०१३ पासून बंद आहे (एचबी १३-१२२४). राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते उचलूनही धरलं. पण कायदा पाळला जात नाही. सुटे भाग "किट" म्हणून विकले जातात, घरी जोडले की झालं ३० चं मॅगझिन. कायदा होण्याआधी घेतलेली मॅगझिनं वैध, आणि जुनं कुठलं नवं कुठलं हे सिद्ध करणं पोलिसांना जवळजवळ अशक्य. म्हणून त्यांनी उलट बाजूनं हात घातला: मॅगझिन सोडा, मॅगझिन निघतं-बसतं अशी बंदूकच विकू नका.

बिलात (आजच्या मसुद्यात) विक्री, खरेदी, उत्पादन, हस्तांतरण यांवर बंदी असलेल्या गोष्टी:

– सुटं मॅगझिन लागणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल
– सुटं मॅगझिन लागणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन
– सुटं मॅगझिन लागणारी *गॅस-ऑपरेटेड* सेमी-ऑटोमॅटिक हँडगन

तिसऱ्या ओळीतला "गॅस-ऑपरेटेड" शब्द महत्त्वाचा. दुकानात मिळणारं नेहमीचं पिस्तूल, उदाहरणार्थ ग्लॉक, रिकॉइलवर चालतं: गोळी सुटल्याच्या धक्क्यानं स्लाइड मागे जाते. ते या बिलात येत नाही. गॅसवर चालणारं हँडगन म्हणजे मुख्यतः एआर-१५ ची आखूड नळीची भावंडं, जी कायद्यानं "पिस्तूल" ठरतात. २२ मार्च २०२१ ला बोल्डरच्या किंग सूपर्समध्ये दहा जण मारले गेले ते अशाच रुगर एआर-५५६ पिस्तुलानं. ती ओळ कुठून आली ते कळलं असेल.

बाहेर काय राहतं: बोल्ट, पंप, लिव्हर ॲक्शन. कायमचं जोडलेलं १५ पर्यंतचं मॅगझिन असलेल्या बंदुका. बऱ्याचशा .२२ रिमफायर. शिवाय ट्रिगरचा वेग वाढवणारी उपकरणं "धोकादायक शस्त्र" ठरवून वेगळी बंद केली आहेत.

आणि *जवळ बाळगण्यावर बंदी नाही*. घरात जी आहे ती राहते. हे न वाचताच "जप्त करणार" म्हणून आरडाओरड चालू आहे.

---

पेठेतला_पाहुणा (३० जानेवारी)

एक भाबडा प्रश्न. व्हिप काढला की विषय संपत नाही का? आपल्याकडे पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते.

आणि अवांतर: आपल्या विधिमंडळात असं बिल येऊच शकत नाही ना? शस्त्रं हा केंद्राचा विषय आहे असं वाटतं.

---

कलमबहाद्दर (३० जानेवारी)

अवांतराचं आधी: बरोबर. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीची ५ वी नोंद: शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं. म्हणून शस्त्र अधिनियम १९५९ संसदेचा. एका माणसाकडे किती बंदुका (२०१९ च्या दुरुस्तीनं तीनाच्या दोन झाल्या) हेही दिल्लीच ठरवते. मुंबईत फक्त परवान्याची अंमलबजावणी, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांमार्फत.

अमेरिकेत उलट. संघराज्याचा कायदा हा तळ, आणि त्यावर प्रत्येक राज्य आपापले मजले चढवतं. कोलोरॅडोत तर २०२१ पासून शहरंही राज्यापेक्षा कडक नियम करू शकतात.

---

आकडेमोड (३० जानेवारी)

व्हिपचं सांगतो. दहावी अनुसूची (१९८५) सारखं इथे काही नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची जागा जात नाही. नेतृत्वाच्या हातात कमिटीच्या नेमणुका, निवडणुकीचा पैसा आणि मनधरणी एवढंच.

उलट जागा जाण्याची भीती मतदारांकडून आहे, आणि ती खरी आहे. मार्च २०१३ मध्ये मॅगझिनचा कायदा झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स (कोलोरॅडो स्प्रिंग्ज) आणि अँजेला गिरॉन (प्वेब्लो) यांना मतदारांनी रिकॉल करून घरी पाठवलं. तिसऱ्या एव्ही हुडॅक यांनी रिकॉलच्या सावटाखाली नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला, म्हणजे जागा निदान पक्षाकडे राहावी. मॅगपुल ही मॅगझिन बनवणारी कंपनी उत्पादन वायोमिंगला आणि मुख्यालय टेक्सासला घेऊन गेली. प्वेब्लोच्या डेमोक्रॅटाला बंदुकीच्या बिलावर मत द्यायला सांगणं म्हणजे काय, ते यावरून समजा. गिरॉन यांच्या त्या जागेवर आज निक हिन्रिकसन आहेत. मतदानादिवशी त्यांचं बटण बघा.

आणखी एक इथलं वैशिष्ट्य. १९८८ च्या "गॅव्हेल" घटनादुरुस्तीमुळे कमिटी बिल दाबून बसू शकत नाही. प्रत्येक बिलाला सुनावणी आणि मत मिळतंच. बऱ्याच राज्यांत अध्यक्ष बिल खणात टाकतो आणि कोणाचं नावही लागत नाही. इथे पडतं ते सर्वांसमोर पडतं. म्हणूनच प्रायोजक मतं मोजूनच पाऊल टाकतात आणि तारखा पुढे ढकलत राहतात. पुढचे दोन आठवडे "लेओव्हर" असा शब्द दिसत राहिला, तर बिल मेलं असं समजू नका. मागच्या खोलीत मजकूर बदलतोय असं समजा.

---

डोंगरउतार (१ फेब्रुवारी)

मी या बिलाच्या विरोधात आहे हे आधीच सांगतो. "१८ नावं आहेत" म्हणून सगळे नाचतायत. खरी अडचण पुढच्या दारात आहे. गव्हर्नर जॅरेड पोलिस (आडनाव आहे, हुद्दा नाही; मराठीत लिहिताना फार घोळ होतो) यांना सरसकट बंदी आवडत नाही, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. दुसरी टर्म आहे, तिसरी मिळत नाही, त्यामुळे पक्षाची भीती नाही.

आणि व्हीटो फिरवायला दोन तृतीयांश लागतात. सिनेटमध्ये २४, हाउसमध्ये ४४. डेमोक्रॅट आहेत २३ आणि ४३. दोन्हीकडे *एक-एक* कमी. म्हणजे पोलिस नाही म्हणाले तर विषय संपला. तुमची सगळी बेरीज त्या एका सहीपाशी येऊन थांबते.

---

आकडेमोड (१ फेब्रुवारी)

हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच म्हटलं, आजचा मजकूर निघणार नाही. फक्त एक जोडतो: गव्हर्नर व्हीटो मारतो तेव्हा त्यालाही किंमत मोजावी लागते. सगळ्यांनाच सोपं पडतं ते आधीच सांगणं, "असं असं करा, सही करतो". प्रायोजकांनाही ते हवंच असतं.

---

कलमबहाद्दर (१४ फेब्रुवारी)

काल रात्री सिनेटमध्ये दुसरं वाचन झालं. बंदीचं रूपांतर परवान्यात झालं, गव्हर्नरांच्या कार्यालयाशी वाटाघाटी करूनच. आता ठराविक सेमी-ऑटोमॅटिक बंदूक *घेता येते*, पण आधी हे करावं लागेल:

पहिलं, शेरीफकडून पात्रता कार्ड. फोटो ओळखपत्र, नावावरून केलेली गुन्हे-नोंद तपासणी, शुल्क. कार्ड पाच वर्षांचं.

दुसरं, प्रशिक्षण. इथे दोन वाटा आहेत. राज्याचा हंटर एज्युकेशन कोर्स आधीच केलेला असेल तर वर चार तासांचा बेसिक कोर्स. तो केलेला नसेल तर बारा तासांचा विस्तारित कोर्स, किमान दोन दिवसांत विभागलेला. दोन्ही समोरासमोर, ऑनलाइन नाही. शेवटी परीक्षा, ९० टक्के हवेत. विषयांत हाताळणी आणि साठवण आहेच, शिवाय मुलांपासून सुरक्षितता, आत्महत्या व मानसिक आजार, आणि "एक्स्ट्रीम रिस्क प्रोटेक्शन ऑर्डर", म्हणजे रेड फ्लॅग कायदा (धोकादायक ठरलेल्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशानं तात्पुरती काढून घेणारा).

तिसरं, कोर्स केल्याची नोंद कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या प्रणालीत. खरेदीच्या आधीच्या पाच वर्षांत कोर्स झालेला असला पाहिजे.

चौथं, दुकानदार ती नोंद बघणार, *मग* नेहमीची पार्श्वभूमी तपासणी (सीबीआयची, म्हणजे कोलोरॅडो ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनची, इन्स्टाचेक) आणि २०२३ पासून लागू असलेले थांबायचे तीन दिवस. हे जुनं काहीच रद्द होत नाही.

खाजगी विक्रीची पळवाट? नाही. २०१३ पासूनच दोन व्यक्तींमधली विक्रीही बहुतेक वेळा दुकानदारामार्फत तपासणी करूनच होते.

---

डोंगरउतार (१४ फेब्रुवारी)

बंदी नाही म्हणतात आणि चार टेबलांवरून फिरवतात. शेरीफ निवडून आलेला असतो. ग्रामीण काउंटीतल्या शेरीफनं कार्ड द्यायला तीन महिने लावले तर? प्रशिक्षक किती आहेत? पश्चिम उताराच्या गावातल्या माणसानं दोन दिवस रजा काढून कुठे जायचं?

---

अप्पा_ऑरोरा (१५ फेब्रुवारी)

प्रश्न रास्त आहेत, पण ते *अंमलबजावणीचे* आहेत आणि धाग्याचा विषय पास होणं हा आहे. पास होण्याच्या दृष्टीनं या दुरुस्तीनं दोन कामं केली. गव्हर्नरला सही करायला जागा मिळाली. आणि काठावरच्या आमदाराला "मी बंदी घातली नाही, प्रशिक्षण मागितलं" असं मतदारसंघात सांगता येईल. दुसऱ्या बाजूला, मूळ बंदी हवी असलेल्यांचा उत्साह ओसरला, पण त्यांची मतं कुठे जाणार?

वॉशिंग्टन राज्याशी ताडून बघा. तिथे २०२३ चं एचबी १२४० सरळ विक्रीबंदी होती. हाउस ५५-४२, सिनेट २७-२१, आणि एप्रिलमध्ये गव्हर्नर इन्स्ली यांनी सही करताच लागू. कारण तिथे ती मागणी गव्हर्नरचीच होती. रेडमंड-बेलव्ह्यूकडची मराठी मंडळी हा धागा वाचत असतील तर त्यांना कोलोरॅडोची ही घासाघीस गमतीची वाटेल.

---

आकडेमोड (१८ फेब्रुवारी)

सिनेट, तिसरं वाचन: १९-१५. पास.

बारा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट विरोधात: प्वेब्लोचे हिन्रिकसन, मॅनिटू स्प्रिंग्जचे मार्क स्नायडर, थॉर्नटनचे काइल मलिका. बेरीज केलीत तर ३४ होतात, एक डेमोक्रॅट गैरहजर. हवे होते १८, मिळाले १९. चौथा डेमोक्रॅट फुटला असता तरी निघालं असतं, पाचवा फुटला असता तर नाही. एवढ्या धाग्यावर लटकलं होतं.

---

उगाच_विचारतेय (१९ फेब्रुवारी)

एक व्यावहारिक प्रश्न, बऱ्याच जणांना पडत असेल. एच-१बी वर असलेल्यांना या सगळ्याशी देणंघेणं आहे का?

---

कलमबहाद्दर (१९ फेब्रुवारी)

या बिलाशी फारसं नाही, कारण फेडरल कायदा त्यांना आधीच अडवतो. एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. अशा व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या *बाळगताच* येत नाहीत. अपवाद थोडे, आणि व्यवहारात उपयोगाचा एकच: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीनकार्ड असेल तर ही मनाई लागू नाही, मग राज्याचे नियम इतरांसारखेच.

चूक कुठे होते: "विकत नाही घेत, रेंजवर तासभर भाड्यानं घेतो". कायद्याच्या नजरेत हातात धरली की बाळगली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेला रेहाईफ खटला फ्लोरिडातल्या रेंजवर गोळ्या झाडलेल्या एका विद्यार्थ्याचाच होता. त्याचा व्हिसा संपलेला होता. कोर्टानं एवढंच म्हटलं की आपण मनाई असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करावं. रेंजवरचं धरणं चालतं असं कोर्ट म्हणालेलं नाही. टीम आउटिंगला रेंजचा बेत असेल तर हे आधी वाचा. आणि शंका असेल तर फोरमला नाही, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

---

अप्पा_ऑरोरा (५ मार्च)

बिल हाउसमध्ये आलंय. ज्यांना स्वतः मागोवा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी, कारण बातम्यांत "बिल बदललं" एवढंच येतं.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बिलाचं पान उघडा. एकाच बिलाच्या बऱ्याच आवृत्त्या दिसतील. *इंट्रोड्यूस्ड* म्हणजे मांडलं तेव्हाचा मसुदा. *एनग्रॉस्ड* पहिल्या सभागृहातल्या दुसऱ्या वाचनानंतरचा, *रीएनग्रॉस्ड* तिसऱ्यानंतरचा. दुसऱ्या सभागृहात त्याच क्रमानं *रिव्हाइज्ड* आणि *रीरिव्हाइज्ड*. सध्या वाचायची ती रीएनग्रॉस्ड. जानेवारीची वाचून भांडू नका, ती आता इतिहासजमा आहे.

कायद्यात नव्यानं येणारे शब्द कॅपिटल अक्षरांत असतात, जाणारे शब्द खोडलेले दिसतात. सगळ्यात शेवटचं कलम बघायला विसरू नका: तिथे "सेफ्टी क्लॉज" असेल तर सह्या गोळा करून तो कायदा जनमताला नेता येत नाही. बिल पास होणार का या प्रश्नाइतकंच ते महत्त्वाचं असतं, आणि कोणी बघत नाही.

फिस्कल नोट (बिलाच्या खर्चाचा अंदाज) वाचा. यंदा राज्याच्या बजेटला अब्ज डॉलरच्या वर खड्डा आहे. बिलाला नवी प्रणाली, कर्मचारी, शेरीफांचं काम लागतंय. धोरणावर न पडलेलं बिल ॲप्रोप्रिएशन्स (खर्चाच्या) कमिटीत पैशावर पडू शकतं.

साक्ष द्यायची असेल तर ऑनलाइन नाव नोंदवा: प्रत्यक्ष, दूरस्थ किंवा लेखी. नागरिकत्व लागत नाही. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि शेकडो नावं असली की अध्यक्ष एकूण वेळ वाटून देतात. त्यामुळे आपली मतं सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा "पान अमुक, ओळ अमुक, हा शब्द असा हवा" एवढं बोललेलं जास्त कामी येतं.

---

डोंगरउतार (११ मार्च)

हाउसमध्ये रिपब्लिकन वेळ काढतील हे धरून चाला. २२ जण आहेत, हरवू शकत नाहीत, थकवू शकतात. बिल पूर्ण वाचून दाखवा अशी मागणी कोणीही सदस्य करू शकतो.

---

कलमबहाद्दर (११ मार्च)

आणि ती मागणी टाळता येत नाही, याला गमतीचा पूर्वेतिहास आहे. २०१९ मध्ये सिनेटच्या रिपब्लिकनांनी दोन हजारांवर पानांचं बिल वाचायला लावलं. डेमोक्रॅटांनी बरेच कॉम्प्युटर लावून वेगवेगळे भाग एकाच वेळी, मिनिटाला साडेसहाशे शब्दांच्या वेगानं "वाचले". नुसता कलकलाट. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं की हे घटनेतलं "वाचन" नव्हे.

पण एसबी ३ काही हजार पानांचं नाही आणि आता मार्च आहे. अधिवेशन १२० दिवसांचं, ७ मेपर्यंत. वेळकाढूपणा चालतो तो शेवटच्या आठवड्यात. पहिल्याच दिवशी बिल मांडलं ते यासाठीच. शिवाय चर्चा मर्यादित करायचा नियम बहुमताच्या हातात आहे. २०२३ मध्ये बंदुकीच्या बिलांवरच तो काढला होता.

---

आकडेमोड (२४ मार्च)

हाउस, तिसरं वाचन: ३६-२८. लागणारे ३३, मिळाले ३६. ४३ मधून ३६ म्हणजे किमान सहा डेमोक्रॅट विरोधात गेले. पुन्हा तेच: पक्षाची बेरीज दहाची आघाडी दाखवत होती, प्रत्यक्षात तीनची निघाली.

---

पेठेतला_पाहुणा (२४ मार्च)

मग झाला कायदा?

---

आकडेमोड (२४ मार्च)

नाही. हाउसनं मजकुरात बदल केलेत, त्यामुळे बिल परत सिनेटकडे. तिथे तीन पर्याय: बदल मान्य करून पुन्हा मत, दोन्ही सभागृहांची कॉन्फरन्स कमिटी, किंवा आपल्या मजकुरावर अडून बसणं. पुन्हा मत म्हणजे पुन्हा १८ हवेत. गेल्या वेळी १९ होते, त्यामुळे त्या दिवशी कोणाला ताप येऊन चालणार नाही.

---

अप्पा_ऑरोरा (२९ मार्च)

सिनेटनं हाउसचे बदल मान्य केले. आता गव्हर्नर.

अधिवेशन चालू असताना गव्हर्नरला दहा दिवस मिळतात. पण ते मतदानापासून नाही, बिल त्याच्या टेबलावर पोचल्यापासून. त्याआधी अंतिम प्रत तयार होते, दोन्ही अध्यक्षांच्या सह्या होतात. दहा दिवसांत सही नाही, व्हीटोही नाही, तर सहीशिवाय कायदा होतो. म्हणून "अजून सही का नाही" याचा अर्थ लावत बसू नका.

---

उगाच_विचारतेय (१० एप्रिल)

सही झाली!

---

डोंगरउतार (११ एप्रिल)

झाली. माझा अंदाज अर्धा बरोबर, अर्धा चूक. गव्हर्नर आडवे आले, पण व्हीटोनं नाही, मसुद्यातून.

लागू १ ऑगस्ट २०२६. म्हणजे पंधरा महिन्यांहून जास्त. त्याआधी पार्क्स अँड वाइल्डलाइफला नोंदींची प्रणाली उभी करायची आहे, शेरीफांना कार्डाची व्यवस्था, प्रशिक्षकांची पडताळणी. यातलं एक जरी रेंगाळलं तर बंदूक घेणं कागदावर शक्य आणि प्रत्यक्षात अशक्य होईल, आणि तिथेच खटला उभा राहील. दरम्यान लोक दुकानं रिकामी करतील. शिवाय १ एप्रिलपासून बंदुका, सुटे भाग आणि गोळ्यांवर साडेसहा टक्के राज्याचा उत्पादन कर सुरू झालाय (नोव्हेंबर २०२४ ला मतदारांनी मंजूर केलेला प्रपोझिशन केके). तो विक्रेत्यावर आहे, पण किमतीत उतरणारच.

---

कलमबहाद्दर (३ जून)

धागा वर काढतोय, कारण वर खटल्याचा विषय निघाला होता. काल अमेरिकन सुप्रीम कोर्टानं मेरीलँडच्या बंदीविरुद्धचं प्रकरण (स्नोप वि. ब्राउन) ऐकायला नकार दिला. म्हणजे चौथ्या सर्किटचा (तिथल्या फेडरल अपील कोर्टाचा), मेरीलँडची सरसकट बंदी टिकवणारा निकाल कायम. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी सोबत लिहिलंय की एक-दोन अधिवेशनांत कोर्टानं हा प्रश्न हाती घ्यावा. नकार म्हणजे मान्यता नव्हे.

कोलोरॅडो दहाव्या सर्किटमध्ये येतं. तिथे नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदूक खरेदीसाठीच्या २१ वर्षांच्या वयोमर्यादेचा कायदा टिकला. एसबी ३ बंदीऐवजी परवाना-प्रशिक्षण झाल्यानं कोर्टात त्याची बाजू जानेवारीतल्या मसुद्यापेक्षा भक्कम आहे. २०२२ च्या ब्रुएन निकालात (बंदूक बाळगण्याच्या परवान्यांबद्दलचा) सुप्रीम कोर्टानं तपासणी-प्रशिक्षणाच्या वस्तुनिष्ठ अटींना हात लावलेला नाही, पण प्रतीक्षा फार लांबली किंवा शुल्क अवाच्या सवा असलं तर आव्हान देता येईल असंही तिथेच म्हटलंय. डोंगरउतार यांनी फेब्रुवारीत विचारलेले "तीन महिने लावले तर?" आणि "प्रशिक्षक किती?" हे प्रश्न आता थेट कायद्याचे झालेत.

---

पेठेतला_पाहुणा (३ जून)

शेवटचा प्रश्न. दीड-दोन तासांवर वायोमिंग आहे. तिथे जाऊन घेतली तर?

---

कलमबहाद्दर (४ जून)

फेडरल कायद्यानं दुसऱ्या राज्यातला परवानाधारक दुकानदार रायफल किंवा शॉटगन विकू शकतो, पण व्यवहार *दोन्ही* राज्यांच्या कायद्यांत बसला पाहिजे. गिऱ्हाईक कोलोरॅडोचं असेल तर १ ऑगस्ट २०२६ नंतर शायेनच्या दुकानदारालाही कोलोरॅडोचे नियम बघावे लागतील. बरेच जण जोखीम नको म्हणून कोलोरॅडोचा ड्रायव्हिंग लायसन्स बघूनच नाही म्हणतील. हँडगन तर दुसऱ्या राज्यातून थेट घेताच येत नाही, ती आपल्या राज्यातल्या दुकानदाराकडे पाठवून मगच मिळते. वायोमिंगमध्ये राहत असताना रीतसर घेतलेली बंदूक घेऊन इकडे राहायला येणारा वेगळा. बाळगण्यावर बंदी नसल्यानं या कायद्याची अडचण त्याला नाही. मात्र मॅगझिन १५ च्या वरचं असेल तर ते सीमेपलीकडेच ठेवून यावं.